बोलपटाची यंत्रं विलायतेहून आणणारा कोकणी माणूस : दादासाहेब तोरणे

नाटे (ता. राजापूर) : सिनेमा म्हटला की दादासाहेब फाळके हे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण आपल्या कोकणातलेच आणखी एक दादासाहेब होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. रामचंद्र गोपाळ तोरणे त्यांचं नाव. गाव मालवण तालुक्यातलं सुकळवाड. आज ते सिंधुदुर्गात येतं. पण १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणजे तोरणे जन्मले तेव्हा ते आपल्याच जिल्ह्याचे होते.

तोरण्यांचं नाव निघालं की लोक एकाच वादावर येतात, पहिला सिनेमा कुणाचा, फाळक्यांचा की तोरण्यांचा. तो वाद खाली येईलच. पण त्यांचं दुसरं एक काम आहे, ते त्याहून मोठं म्हणावं असं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. परदेशी कंपन्यांची सिनेमाची यंत्रं भारतात आणायची, विकायची, चालवायला शिकवायची, हा धंदा या माणसानं उभा केला. त्या कंपन्यांचं इथं ना ऑफिस होतं, ना दुकान, ना मिस्त्री. मधला माणूस होता तो हा सुकळवाडचा.

बोटीनं मुंबईला

तोरण्यांचा जन्म १३ एप्रिल १८९० चा. वडील लहानपणीच गेले. घरची स्थिती बेताची, शाळा जेमतेम झाली. अशा पोरानं काय करायचं, तर मुंबई गाठायची. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती आणि आजच्यासारखा हायवेही नव्हता. मालवण, देवगड, विजयदुर्गाकडची माणसं बोटीनंच मुंबईला जात. आपल्या जैतापूर, मुसाकाजीच्या बाजूची माणसंही तशीच जायची. कोकणातल्या हजारो पोरांनी ही वाट धरली. कुणी गिरणीत लागला, कुणी गोदीत, कुणी कुणाच्या घरी.

तोरण्यांना काम मिळालं ग्रीव्हज कॉटन कंपनीत. ही कंपनी यंत्रं आणि विजेच्या सामानाचा व्यवहार करायची. विजेचं काम त्या काळी नवं होतं. मुंबईतसुद्धा घरोघरी वीज नव्हती. अशा वेळी यंत्राच्या पेढीवर काम मिळणं म्हणजे नुसती नोकरी नव्हे, फुकटची शाळाच. सामान कुठून येतं, कागद कसे होतात, मोटार का जळते, गिऱ्हाईक कशाला भुलतं आणि कशाला चिडतं, हे सगळं अशा जागी रोज डोळ्यांसमोर असतं. ज्याला कॉलेज नाही त्याला असली जागा मिळाली तर तो पुढे जातो. तोरणे गेले.

दुसरं वेड नाटकाचं. कोकणी माणसाला नाटकाचं वेड लावावं लागत नाही, ते असतंच. मुंबईत श्रीपाद संगीत मंडळी नावाच्या नाटक कंपनीशी त्यांचा संबंध आला. त्याच दिवसांत मुंबईत परदेशी मुके चित्रपट दाखवले जात होते. नाटक आणि यंत्र या दोन्हींची गोडी असलेल्या तरुणाच्या मनात जे यायचं तेच आलं. आपलं नाटक या यंत्रावर का उतरवू नये?

पुंडलिक

नाटक होतं रामराव कीर्तिकरांचं श्री पुंडलिक. विठोबाला विटेवर उभा करणाऱ्या पुंडलिकाची गोष्ट, मराठी माणसाला ती सांगायला नको. तोरण्यांच्या सोबतीला नानासाहेब चित्रे आणि टिपणीस होते. उत्साह होता, नाटक होतं, नट होते. नव्हता तो कॅमेरा.

त्या काळी सिनेमाचा कॅमेरा भारतात बनत नव्हता. बनवणाऱ्या कंपन्या इंग्लंड, फ्रान्स, अमेरिकेत. कच्ची फिल्मसुद्धा बाहेरूनच यायची. मग माणसानं करायचं काय? तोरण्यांनी बोर्न अँड शेफर्ड या फोटोग्राफीच्या बड्या पेढीकडून कॅमेरा आणि फिल्म मिळवली. कॅमेरा चालवायला जॉन्सन नावाचा साहेब आला. मुंबईच्या मंगलदास वाडीत शूटिंग झालं.

कॅमेरा एका जागी ठेवून नाटक सलग टिपलं, तर ते काही मनासारखं दिसेना. मग तुकड्या-तुकड्यानं घेऊन ते जोडलं, असं तोरण्यांबद्दल सांगतात. फिल्म धुवायची सोय इथं नव्हती. ती धुण्यासाठी बोटीनं लंडनला गेली आणि तयार होऊन परत आली. सुमारे २२ मिनिटांचं ते चित्र १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलं. तेव्हा तोरणे बावीस वर्षांचे होते.

फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र याच थिएटरात लागला तो ३ मे १९१३ ला, म्हणजे जवळजवळ वर्षानं. मग पहिला मान तोरण्यांना का नाही? जाणकार तीन कारणं देतात. एक, पुंडलिक म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं. दोन, कॅमेरा साहेबानं चालवला. तीन, फिल्म लंडनला धुतली गेली. तोरण्यांची बाजू घेणारे म्हणतात, कल्पना इथली, नट इथले, गोष्ट इथली, दाखवलं इथं, मग चित्र इथलं का नाही? पुंडलिकची प्रत आज शिल्लक नाही. त्यामुळे समोर ठेवून निवाडा करता येत नाही आणि वाद चालूच राहतो.

पण तीनपैकी दोन कारणं पुन्हा एकदा वाचा. कॅमेरा चालवणारा परका, धुण्याची सोय परदेशात. दोन्ही गोष्टी यंत्राच्या आहेत, कलेच्या नाहीत. यंत्र आपल्या हातात नव्हतं म्हणून श्रेय हातातून गेलं.

फाळक्यांनी काय वेगळं केलं

इथं फाळक्यांचंही सांगायला हवं, त्याशिवाय तोरण्यांचं पुढचं काम नीट कळायचं नाही. फाळक्यांनाही तीच अडचण होती. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते स्वतः लंडनला गेले. तिथं कॅमेरा कसा चालतो, फिल्म कशी धुतात ते पाहिलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परत आले. घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या. म्हणजे आणलेलं यंत्र घरच्या माणसांच्या हाताला लावलं.

ही फाळक्यांची रीत झाली. समुद्रापलीकडे जा, शीक, यंत्र आण, स्वतः चालव. एका जिद्दी माणसासाठी ती ठीक. पण प्रत्येक सिनेमावाल्यानं असं करायचं ठरवलं तर धंदा कसा वाढणार? प्रत्येकानं विमा गहाण टाकून लंडन गाठायचं का? कुणीतरी इथंच बसून यंत्र मिळवून द्यायला हवं होतं. ती जागा पुढे तोरण्यांनी भरली.

कराची आणि परत मुंबई

पुंडलिकनंतर तोरण्यांची कंपनीनं कराचीला बदली केली. पोटापाण्याची नोकरी होती, जावं लागलं. तिथं त्यांची गाठ बाबूराव पै यांच्याशी पडली. हेच पै पुढे फेमस पिक्चर्समुळे आणि प्रभातच्या चित्रपटांच्या वितरणामुळे नावाजले. दोघांनी मिळून परदेशी चित्रपट आणून दाखवायचा व्यवहार सुरू केला. म्हणजे पहिल्यांदा आयात झाली ती चित्रपटांची. परदेशी कंपनीशी पत्रव्यवहार कसा करायचा, पैसे कसे पाठवायचे, गोदीतून माल कसा सोडवायचा याचा सराव त्यात झाला.

मुंबईला परत आल्यावर दोघांनी मूव्ही कॅमेरा कंपनी काढली. कॅमेरे आणि चित्रपटाला लागणारं सामान बाहेरून मागवून इथल्या स्टुडिओंना विकायचं, हा तिचा व्यवसाय. नाव साधं, काम मोठं.

बाहेरून यंत्र मागवायचं म्हणजे त्या काळी काय करावं लागायचं, ते समजून घेऊ. आज मोबाईलवर बोट टेकवलं की चार दिवसांत पार्सल दारात. तेव्हा छापील कॅटलॉग यायचा. त्यातलं चित्र आणि चार ओळी वाचून ठरवायचं. पत्र टाकायचं, ते बोटीनं जायचं, उत्तर बोटीनं यायचं. परदेशी व्यापारी अनोळखी माणसाला उधार देणार नाही, आणि आपणही न बघितलेल्या मालाला आधी सगळे पैसे देणार नाही. म्हणून व्यवहार बँकेमार्फत व्हायचा. माल बोटीत चढला की त्याचे कागद बँकेकडे यायचे, पैसे भरले की कागद हातात, आणि कागद दाखवले की गोदीतून पेटी सुटायची. त्याआधी सरकारी जकात. वाटेत पेटी आपटली, ओल लागली, तर विमा. आणि एवढं करून पेटी उघडली तर आत इंग्रजीतलं माहितीपत्रक आणि शंभर सुटे भाग.

ते जोडणार कोण? बिघडलं तर बघणार कोण? बनवणारी कंपनी सात समुद्रांपलीकडे. तिचा माणूस इथं नाही. मग गिऱ्हाईक धरतं कुणाची मान? ज्यानं यंत्र विकलं त्याची. एजंटाचा धंदा दिसतो कमिशनचा, असतो जबाबदारीचा.

बोलपट आला

१९३१ साली भारतात सिनेमा बोलायला लागला. आर्देशीर इराणी यांचा आलमआरा १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि लोक तुटून पडले. तो टिपला अमेरिकन यंत्रावर. यंत्रासोबत डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, तिचा खडखडाट नको म्हणून बरंचसं शूटिंग रात्री झालं.

आता बघा काय झालं. मुक्या चित्रपटांच्या सगळ्या कंपन्यांची झोप उडाली. आज बोलपट काढला नाही तर उद्या थिएटर आपलं चित्र घेणार नाही. पण आवाज टिपायचं यंत्र कुठून आणायचं? त्याची माहिती कुणाला? प्रत्येकाला अमेरिकन तंत्रज्ञ कसा परवडणार? जे यंत्र आणू शकले ते टिकले, ज्यांना जमलं नाही त्या कंपन्या बुडाल्या.

या घाईच्या वेळी तोरण्यांची मूव्ही कॅमेरा कंपनी कामाला आली. ऑडिओ कॅमेक्स नावाच्या अमेरिकन ध्वनिमुद्रण यंत्राची विक्री तोरणे इथं बघत होते. बोलपटाच्या पहिल्या लाटेत ज्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या इम्पिरियल, प्रभात, रणजित, वाडिया अशा बड्या कंपन्यांच्या सुरुवातीत तोरण्यांनी पुरवलेल्या सामानाचा वाटा सांगितला जातो. प्रभातचा अयोध्येचा राजा १९३२ चा. तो मराठीतला पहिला बोलपट. म्हणजे मराठी पडद्याला वाचा फुटण्याच्या कामात सुकळवाडच्या माणसाचा हात आहे.

तेव्हाची ही यंत्रं सोपी नव्हती. काही यंत्रांत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर यायचे. पण चित्राच्या अगदी शेजारी त्याच क्षणाचा आवाज नसतो, तो थोडा पुढेमागे असतो. त्यामुळे फिल्म कापायची म्हटलं की चित्र जागेवर कापलं जायचं आणि शब्द अर्धवट तुटायचा. माईक लपवायचा कुठं, कॅमेऱ्याची घरघर आवाजात येऊ नये म्हणून काय करायचं, मुंबई-कोकणच्या दमट हवेत यंत्र कसं सांभाळायचं, ही सगळी डोकेदुखी. असं यंत्र विकणारा नुसता दलाल असून भागत नाही. त्याला विजेचं कळावं लागतं आणि सिनेमाचंही. तोरण्यांना दोन्ही कळत होतं. ग्रीव्हज कॉटनमधली ती फुकटची शाळा इथं उपयोगी पडली.

दुसऱ्याला दिलं, स्वतःही केलं

तोरणे यंत्रं विकून थांबले नाहीत. पुण्याला त्यांनी सरस्वती सिनेटोन ही स्वतःची कंपनी काढली. तिचा पहिला बोलपट श्यामसुंदर १९३२ मध्ये आला. दिग्दर्शन भालजी पेंढारकरांचं. त्यात कृष्ण झाला शाहू मोडक आणि राधा झाली शांता आपटे. दोघंही तेव्हा कोवळी पोरं, दोघांचंही हे पहिलं चित्र. श्यामसुंदर मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. रौप्यमहोत्सव करणारा पहिला भारतीय बोलपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

पुढच्याच वर्षी १९३३ मध्ये आऊट घटकेचा राजा आला. त्यात शाहू मोडकांनी दोन भूमिका केल्या. एकाच पडद्यावर एकच माणूस दोनदा दिसतो, हे लोकांना जादूसारखं वाटलं. भक्त प्रल्हाद, छत्रपती संभाजी, भगवा झेंडा असे चित्रपट या कंपनीनं दिले. विषय देवादिकांचे, शिवकाळाचे, मराठी घराघरात ठाऊक असलेले. यंत्र अमेरिकेचं, गोष्ट आपली. पुंडलिकपासून तोरण्यांनी ही रीत सोडली नाही.

फरक एवढाच झाला की १९१२ मध्ये कॅमेरा साहेबाच्या हातात होता आणि फिल्म लंडनला धुतली जात होती. वीस वर्षांनी स्टुडिओ आपला होता, माणसं आपली होती आणि यंत्र कुणाला द्यायचं तेही आपला माणूस ठरवत होता. ज्या कमतरतेमुळे पहिला मान हुकला, तीच कमतरता त्यांनी दुसऱ्यांसाठी भरून काढली. माझ्या मते तोरण्यांचं मोठेपण इथं आहे. पहिला कोण हा वाद कधी मिटेल माहीत नाही. पण या कामाला वाद नाही.

१९४० नंतर सरस्वती सिनेटोनचे दिवस उतरले. युद्धाचा काळ, कच्ची फिल्म मिळायची मारामार, स्टुडिओची जुनी पद्धत मोडत चाललेली. तोरणे हळूहळू या धंद्यातून बाजूला झाले. १९ जानेवारी १९६० ला पुण्यात त्यांचं निधन झालं. सरकारनं १९६९ पासून चित्रपटाचा सर्वात मोठा पुरस्कार फाळक्यांच्या नावानं सुरू केला, तो योग्यच आहे. पण तोरण्यांचं नाव त्या प्रमाणात कुठं आलं नाही. कोकणातही नाही.

आपल्याला यातून काय घ्यायचं

कुणी म्हणेल, जुन्या सिनेमाची गोष्ट नाट्याच्या माणसाला कशाला? तर आपल्या बंदरात उभ्या होड्यांकडे बघा. जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, कितीतरी वस्तू बाहेरच्या कंपन्यांच्या. बागायतदाराकडे फवारणीची यंत्रं, सोलरचे कंट्रोलर, कॅमेरे. घेताना स्वस्त पडतं. ऐन हंगामात स्क्रीन काळी पडली की तांडेल विचारतो, आता दाखवायचं कुणाला? ज्या कंपनीचं इथं कुणीच नाही, तिच्या वस्तूची गॅरंटी म्हणजे कागदावरची शाई.

कायद्यालाही ही गोष्ट कळली आहे. सरकारी आदेशाप्रमाणे ठरावीक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते, आणि ज्या परदेशी कारखान्याचं इथं ऑफिस नाही त्याला भारतात आपला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. म्हणजे जबाबदारी घ्यायला इथला एक माणूस हवाच. धंदा म्हणून बाहेरून माल आणायचा तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो. काही वस्तू तर नुसत्या पैसे भरून आणताच येत नाहीत. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, संशोधन आणि संरक्षणासारखी थोडी कामं सोडून. सॅटेलाइट फोनही परवानगीशिवाय बाळगता येत नाही. कुणी ऑनलाइन स्वस्तात देतो म्हणून मागवलं तर माल कस्टममध्ये अडकतो आणि पैसेही जातात. तेव्हा घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : पक्कं बिल कुणाच्या नावाचं, दुरुस्ती कुठं, सुटा भाग कोण देणार. उत्तर मिळालं नाही तर वस्तू कितीही चांगली असो, थांबा.

आणि आपल्या पोरांसाठी आणखी एक. आयटीआय करून बसलेली, मोबाईल खोलून जोडणारी, होडीवरचं वायरिंग करणारी मुलं आपल्या गावागावात आहेत. बाहेरच्या यंत्राला इथं माणूस लागतोच. नोंदणीकृत कंपनीची एजन्सी, सर्व्हिसचं काम, सुट्या भागांचं दुकान, यात पोट भरतं आणि गावाचंही अडत नाही. मुंबईला जायलाच हवं असं आता राहिलं नाही. जेमतेम शिकलेला सुकळवाडचा पोरगा नव्वद-शंभर वर्षांपूर्वी पत्रावर पत्रं टाकून अमेरिकेचं यंत्र आणत होता. त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं, इंग्रजी शाळा नव्हती, मागं घराणं नव्हतं.

मालवणकडे जाणं झालं तर सुकळवाडवरून जाताना हे नाव आठवा. आणि यापुढे घरात जुना मराठी बोलपट लागला, की पोरांना सांगा, त्यातला आवाज टिपायचं यंत्र या देशात आणणाऱ्यांत एक आपला कोकणी माणूस होता.